खताचा खड्डा

"डोळे मिटू नकोस. पाय धर नीट," ती म्हणाली. "तू डोळे मिटलेस की पकड सुटते, आणि पंख माझ्या थोबाडीत बसतात."

"मिटले कुठे? ऊन येतंय डोळ्यांवर."

"आभाळ भरलंय, राजा."

नवऱ्याने खरंच मान वर करून आभाळाकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तिने काम उरकलं. दोरीला उलट्या टांगलेल्या कोंबड्याची मान डाव्या मुठीत, सुरी उजव्या हातात, जबड्याच्या खाली एकच ओढ. रक्त बादलीत पडू लागलं आणि मग खरी धडपड सुरू झाली. मान कापलेल्या कोंबड्याला धडधाकट कोंबड्यापेक्षा जास्त जोर असतो. ज्या व्हिडिओंवर विसंबून ही दोघं शेतकरी झाली होती, त्यातल्या एकातही हे कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या हातातले पाय निसटले, दोरीला टांगलेलं धड गरगर फिरलं आणि दोघांच्या कपड्यांवर, भिंतीवर, शेजारी वाळत घातलेल्या लेकीच्या फ्रॉकवर शिंतोडे उडाले.

"झालं का?" डोळे गच्च मिटूनच नवऱ्याने विचारलं.

"झालं. जा, पाणी उकळलंय का बघ."

तो सुटलो बाबा एकदाचा अशा चालीने स्वयंपाकघरात पळाला. तिने आधी फ्रॉक ओढून थंड पाण्यात बुडवला. रक्ताला गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो. हे तिला आता माहीत होतं. अशा पुष्कळ गोष्टी तिला आता माहीत झाल्या होत्या.

स्वप्न मुळात नवऱ्याचं. तो नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. दिवसभर परक्यांच्या जिन्यांची आणि न्हाणीघरांची मापं आखायची, आणि घरी आल्यावर त्याच कागदांच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचं शेत आखायचं, हा त्याचा विरंगुळा. इथे कोबी, इथे वाल, इथे कोंबड्या. ती हसायची. ती विमा कंपनीत अपघाताच्या दाव्यांचं काम बघायची. बादलीत बुडालेलं मूल, घशात अडकलेलं बटण, सरकत्या दारात सापडलेली बोटं, असं सगळं वर्षानुवर्षं तिच्या टेबलावरून गेलं होतं. त्यामुळे कुठलीही खोली तिला आधी अपघात म्हणून दिसायची आणि मग खोली म्हणून. लेक झाल्यावर तर विचारूच नका. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, कपाटांना कड्या, द्राक्षंसुद्धा उभी चिरलेली. मग केव्हातरी भाज्यांवर काय काय फवारतात ते तिच्या वाचनात आलं, आणि तिने ते स्वप्न नवऱ्याच्या हातातून काढूनच घेतलं.

"आपण पिकवू तेच ती खाईल," ती म्हणाली. "बास. ठरलं."

शहर संपून बस जिथे वळते, त्याच्याही पुढे त्यांना जमिनीचा एक तुकडा आणि दोन खोल्या मिळाल्या. नवऱ्याने कचेरीचे दिवस कमी करून घेतले, तिने नोकरी सोडली. लेकीला दोघं भुंगी म्हणत, कारण ती सदानकदा आईच्या भोवती घिरट्या घालायची. आई वाफ्यात तर ही वाफ्यात, आई नळाशी तर ही नळाशी. झोपेतसुद्धा तिचा एक हात आईच्या कानावर.

कोबी आला आणि कोबीबरोबर अळ्या आल्या. अळ्या चिमटीत चिरडाव्या लागतात. मका आला तसे उंदीर आले. पहिला उंदीर नवऱ्याने मोठ्या मनाने पिंजऱ्यासकट नेऊन बांधापलीकडे सोडला. संध्याकाळी तो बायकापोरांना घेऊन परत आला. तेव्हापासून हे खातं हिच्याकडे. पिंजरा टाकीत बुडवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत उभं राहायचं. गोगलगायी मिठाच्या डब्यात. कोंबड्या अंडी देतात म्हणून आणल्या, तर पिल्लांमधले निम्मे कोंबडे निघाले, आणि ते मोठे होताच एकमेकांचे डोळे फोडायला लागले. पहिला कोंबडा कापल्यावर ती आडोशाला जाऊन ओकली. दुसऱ्या वेळी नुसतेच हात धुतले. आताशा हात कंबरेला पुसून ती पुढच्या कामाला लागत असे. जिवंत पिकवायला निघालेल्या माणसाचा निम्मा दिवस मारण्यात जातो, आणि हे आपल्याला जमतं, या गोष्टीची तिला मधूनच भीती वाटायची. पण समोर काम असायचं.

भुंगीला यातलं काही दिसू द्यायचं नाही, एवढा एकच नियम. ती तेव्हा पुढच्या अंगणात शेंगा सोलायला बसलेली असे.

"आई, तुरेवाला कुठे गेला?" त्या दिवशी जेवताना तिने विचारलंच.

"त्याच्या मामाकडे गेला."

"सगळे मामाकडेच जातात."

"हो ना."

"मामाकडे एवढी जागा आहे?"

नवऱ्याला ठसका लागला. तिने त्याच्या पाठीवर जरा जास्तच जोरात थाप मारली.

कोंबड्याचं डोकं, पाय, आतडी, पिसं, सगळं खताच्या खड्ड्यात जायचं. काहीही वाया घालवायचं नाही, हा नवऱ्याचा बाणा. खड्डा नकाशात त्याने मोठ्या हौसेने काढला होता: खुराड्याच्या पाठीमागे, जाळीला अगदी लागून, म्हणजे खुराडं झाडायचं आणि खड्डा भरायचा ही दोन्ही कामं एका फेरीत. वर पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेण, त्यावर पुन्हा पाचोळा.

"पुढच्या वर्षी यातून टोमॅटो येतील बघ," तो म्हणायचा, "असे मुठीएवढे."

"कुणाच्या मुठीएवढे? तुझ्या की माझ्या?" ती विचारायची.

शेण आणून द्यायचे ते शेजारचे दूधवाले काका. त्यांचा गोठा कुंपणाला लागूनच. मुलं पांगलेली, बायको केव्हाच गेलेली. घरात बोलायला कोणी नाही, त्यामुळे साठलेलं सगळं बोलणं ते इथे येऊन मोकळं करायचे.

"काय शेतकरी साहेब, आज कुणाचा नंबर लागला?"

"काका, मुलगी ऐकतेय," ती दबक्या आवाजात म्हणायची.

"बरं बरं. साहेब, तुम्ही धरता का कापता?"

"धरतो," नवरा म्हणायचा.

"डोळे उघडे ठेवून?" काका खदखदून हसायचे आणि त्यांच्या पायाशी बसलेला कुत्रा शेपटीने धूळ उडवायचा. पिवळट, रुंद छातीचा, वयाने भारदस्त झालेला कुत्रा. दुकानाच्या गादीवर बसावं तसा पाय पसरून बसायचा, म्हणून काकांनी त्याचं नाव शेठ ठेवलं होतं.

"चावत नाही ना हा?" भुंगी त्याच्या दिशेने सरकली की ती प्रत्येक वेळी विचारायची.

"शेठ? अहो ताई, माझ्या गोठ्यातल्या कोंबड्या त्याच्या पाठीवर बसून डुलक्या काढतात. लहानपणापासून त्यांच्यातच वाढलाय."

ती मान डोलवायची आणि भुंगीचा दंड काही सोडायची नाही.

मग एका सकाळी ती अंडी काढायला गेली, तर खुराड्यातून आवाजच नव्हता. मागच्या बाजूची जाळी खालून उचकटलेली. आत पिसांचा थर, आणि त्या थरात कोंबड्या. काहींची मान नव्हती, काहींची पाठ फाडलेली. खाल्लेली अशी जवळजवळ एकही नव्हती. नुसत्या धरून झटकलेल्या. दोनचार तेवढ्या छताच्या आढ्यावर चढून वाचल्या होत्या, आणि एक खाली कोपऱ्यात उभी होती. डोळे उघडे, श्वास चालू, पाठीवर कातडंच नाही. ती तिने उचलली आणि तिथल्या तिथे मान पिरगाळली. वळून बघते तो नवरा उंबऱ्याशी उकिडवा बसलेला, तोंडावर हात.

"उठ," ती म्हणाली. "भुंगी उठायच्या आत हे सगळं हलवायचंय."

"कुणी केलं असेल गं?"

"उठ म्हटलं ना!"

काका आले, त्यांनी जाळी पाहिली, जिभेने च्यक् च्यक् केलं. "मुंगूस असणार. नाहीतर रानमांजर. रक्ताची चटक लागलेलं जनावर आहे, पुन्हा येणार बघा."

मेलेल्या कोंबड्यांचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता. त्या खड्ड्यात गेल्या. वर पाचोळा, वर शेण. त्या दिवसापासून फावडं मागच्या दाराशी उभं राहू लागलं. नवऱ्याच्या बोलण्यातून टोमॅटो गेले. तिच्या डोक्यात मात्र एकच चक्र फिरत होतं. खुराड्याच्या जाळीला पंजा घालणारं जनावर घराच्या दाराला घालणार नाही कशावरून? अंगणात शेंगा सोलणारी पोर आणि आढ्यावरची कोंबडी यात त्या जनावराच्या लेखी फरक तो काय? अशा दाव्याचा कागद तिच्या टेबलावर कधीच आला नव्हता, आणि तिला तो आता शब्दान् शब्द पाठ होता.

काही दिवसांनी, नवऱ्याच्या सुट्टीची दुपार होती. तो वालाच्या वेलांना काठ्या बांधत होता. भुंगीला झोपवून ती भांडी घासायला बसली, आणि कोंबड्या ओरडल्या. नुसत्या ओरडल्या नाहीत, किंचाळल्या. ती उठली ती फावडं घेऊनच. पळताना तिने खिडकीतून पाहिलं: पलंग रिकामा.

खुराड्याचं दार उघडं होतं. आत, पार टोकाला, भुंगी जाळीला पाठ लावून उभी. दार आणि भुंगी यांच्या मधोमध शेठ. त्याच्या तोंडात कोंबडी, कोंबडीचे पंख अजून हलताहेत, जबड्यावरून रक्ताची लाळ गळतेय. पावलांचा आवाज ऐकून त्याने मान वळवली. ओळखीची बाई पाहिली. आणि शेपटी हलवली.

शेपटी तिला नंतर आठवली. त्या वेळी फावडं डोक्याच्या वर गेलं आणि खाली आलं. कवटीचा आवाज कोरडा, लाकूड फुटल्यासारखा. कुत्र्याचे पुढचे पाय मुडपले, कोंबडी तोंडातून निसटून फडफडत बाजूला पडली. तो बाजूला कलंडला, मागचे पाय माती खरवडत राहिले. ती थांबली नाही. मानेवर, बरगड्यांवर, पुन्हा डोक्यावर. तिच्या तोंडून काहीतरी निघत होतं, शब्द नव्हेत, प्रत्येक घावाबरोबर एक हुंकार, कपडे आपटताना निघतो तसा. उंदीर, अळ्या, ओकाऱ्या, उचकटलेली जाळी, सगळं तिच्या दंडांतून खाली जात होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं सुख होतं.

"अगं बास! बास!" नवऱ्याने मागून मिठी घातली. "मेलाय तो! पहिल्या घावातच मेलाय तो!"

फावडं गळून पडलं. कोंबड्या गप्प झाल्या होत्या. भुंगी तशीच उभी होती. जाळीला इतकी चिकटलेली, की गालावर तारेचे चौकोन उमटले होते. फ्रॉक खाली ओला. कपाळावर रक्ताचा एक थेंब, तिचा नसलेला.

"बाळा," ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले. "ये. संपलं. ये माझ्याकडे."

भुंगीने त्या हातांकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. मग जाळीला पाठ घासत, आईपासून जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब राहत, ती वळसा घालून गेली आणि बापाच्या पायांना बिलगली.

आंघोळ नवऱ्याने घातली. ही न्हाणीच्या दाराबाहेर टॉवेल धरून उभी.

"शेठने तुला काही केलं का गं?" आतून नवऱ्याचा आवाज.

"नाही. मी अंडं बघायला गेले. तो माझ्यामागून आला."

"गुरगुरला?"

"नाही." पाणी ओतल्याचा आवाज. मग, "बाबा."

"काय गं?"

"आई मलापण मामाकडे पाठवणार?"

तिने टॉवेल दाराच्या कडीला अडकवला आणि मागच्या बाजूला निघून गेली.

कुत्र्याला पुरायचं होतं. हाताला काहीतरी हवं होतं, आणि हे काम होतं. खुराड्यामागची जमीन भुसभुशीत, म्हणून ती फावडं घेऊन तिकडे गेली आणि खड्ड्याशी येऊन थबकली. वरचं शेण भुगा होऊन बाजूला पडलं होतं. पाचोळा उपसलेला. कडेने आत गेलेलं एक भोक, हाताच्या कोपरापर्यंत खोल, आणि भोकाच्या तोंडाशी अर्धवट कुजलेला पंख, चघळलेले पिवळे पाय, तुऱ्याचा तुकडा. मातीत पंजे. आजचे, कालचे, त्याच्याही आधीचे, एकावर एक, रुंद आणि भारदस्त. खड्ड्यापासून ते पंजे सरळ जाळीकडे जात होते. जायला लागतच किती होतं? नकाशाप्रमाणे सगळं एका फेरीत होतं.

कोंबड्या पाठीवर बसवून डुलक्या काढू देणाऱ्या कुत्र्याला त्यांनी कोंबडी खायला घातली होती. रोज थोडी थोडी, वर पाचोळा घालून. आणि मग एक दिवस जाळीपलीकडे तोच वास जिवंत, चालता-बोलता. ती खड्ड्याच्या काठावर बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही.

"शेठ! ए शेठ!" कुंपणापलीकडून काकांची हाक आली. "कुठे उलथलास रे?"

हाक जवळ आली. मग फाटकाची कडी.

ती पुढे आली तेव्हा काका खुराड्याच्या दारात वाकले होते. नवरा भुंगीला कडेवर घेऊन ओट्यावर.

"कुणी?" काका वळून म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

"काका, ऐका," नवरा घाईघाईने म्हणाला. "मुलीवर धावून आला तो. अगदी अंगावर. हिने नसतं मारलं तर आज आमची पोर..."

"शेठ? पोरीवर?"

"हो ना. हो की नाही गं?" नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. हो म्हण, असं तो डोळ्यांनी कळवळून सांगत होता.

भुंगीसुद्धा तिच्याकडेच पाहत होती. बापाच्या खांद्याआडून, एका डोळ्याने.

एवढं सोपं होतं ते. पोरीवर धावलेला कुत्रा मारला, तर कुणीही आईला नाव ठेवत नाही. तिच्या जुन्या टेबलावर तर असा दावा डोळे झाकून मंजूर झाला असता.

"नाही," ती म्हणाली. "धावला नव्हता. त्याच्या तोंडात कोंबडी होती, पण पोरीला त्याने काही केलं नाही. आणि एका घावात मेला होता, तरी मी मारत राहिले. आणि काका... कोंबडीची चव आम्हीच लावली त्याला. मागे खड्ड्यात आम्ही सगळं टाकत होतो. बघा जाऊन."

काका बघायला गेले नाहीत. ते तिच्याजवळ आले आणि तिच्या हातातलं फावडं काढून घेतलं. नवरा ओरडला. तिला वाटलं, आता. तिने डोळे मिटले नाहीत.

फावडं खुराड्याच्या दारावर बसलं. दार बिजागरीतून उखडलं. मग खांब. मग जाळी, पुन्हा पुन्हा, पार लोळागोळा होईपर्यंत. उरल्यासुरल्या कोंबड्या केकाटत वाफ्यांतून पळाल्या. काका वाफ्यात शिरले आणि वालाच्या काठ्यांवर आडवा घाव घातला, वेल भराभर खाली आले. कोबीचे गड्डे फुटले. पाण्याचं पिंप फुटलं. म्हातारा माणूस, छाती भात्यासारखी चाललेली, शिव्यासुद्धा धड येईनात तोंडात. नवरा पायरी उतरायला लागला.

"अडवू नकोस," ती म्हणाली. "करू दे."

दम संपला तेव्हा काकांनी फावडं चिखलात टाकलं. अंगातला सदरा काढून त्यात कुत्र्याचं डोकं गुंडाळलं, आणि नवजात वासरू उचलावं तसे चारही पाय गोळा करून त्याला छातीशी घेतलं. फाटकाशी जाऊन ते थांबले.

"एक हाक मारायची होती ताई," ते म्हणाले. "मी पलीकडेच होतो."

दिवस कलला तरी कुणी कोंबड्या गोळा केल्या नाहीत. नवऱ्याने फुटलेल्या गड्ड्यांतला कोबी चिरून शिजवला, भात लावला, ताटं मांडली. भुंगी तिच्या उंच खुर्चीवर. आई नेहमीच्या जागेवर बसायला गेली आणि मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

भुंगीने चमचा उचलला, पण खाल्लं नाही. आई बसली तेव्हा तिचे हात टेबलाखाली गेले होते, तिकडे ती पाहत होती.

"हात वर ठेव," भुंगी म्हणाली.

"धुतलेत बाळा. साबणाने."

"वर ठेव. मला दिसायला पाहिजेत."

"भुंगी, असं बोलतात का आईशी?" नवरा म्हणाला. तिने मान हलवून त्याला गप्प केलं.

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे, बोटं पसरून. उजव्या तळव्याला फावड्याचे फोड आले होते, ते लाकडाला टेकताच चुरचुरले. भुंगीने पहिला घास घेतला. चघळताना तिची नजर त्या हातांवरून ढळली नाही. दुसरा घास. तिसरा. नवऱ्याने हिच्या ताटात भात वाढला होता, त्यातून वाफ निघायची थांबली.

खिडकीतून एक माशी आली, ताटावर फिरली आणि तिच्या उजव्या हाताच्या पेरावर बसली. चालत बोटाच्या टोकाकडे गेली. नखाशी थांबली. भुंगीचा चमचा तोंडाच्या अलीकडे थांबला. ती माशीकडे पाहत होती, आणि हाताकडे.

आईने हात हलवला नाही. माशी परत फिरली, मनगटाच्या हाडावर उतरली, आणि तिथेच बसून राहिली. काही वेळाने भुंगीने घास तोंडात घातला.